गिड अमॉसची दुर्बीण

तर दुर्बीण बाहेर काढली म्हणजे माणूस दमलाय, हे त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही कळायचं. फक्त बोलायचं कुणी नाही, अशी रीत. मकल डॉड डोंगराच्या चढावर चार माणसं असोत की दहा, एकानं खांद्यावरच्या कातडी म्यानातून पितळी दुर्बीण ओढली, की बाकीच्यांनी निमूट उभं राहायचं. ज्याच्याकडे दुर्बीण असेल त्यानं ती डोळ्याला लावायची, नसेल त्यानं वाकून बुटाची नाडी बांधायची. छातीतला भाता जरा शांत झाला, की दुर्बीणवाल्यानं म्हणायचं, "मेंढ्या बऱ्या दिसतायत हं यंदा." बाकीच्यांनी म्हणायचं, "बऱ्या आहेत." मग पुन्हा पाय उचलायचे. समोर मेंढ्या नसल्या तरी चालतं. एकदा तर हिमवर्षावात, हातभर अंतरावरचं दिसत नसताना, सात माणसांनी एकमेकांना मेंढ्या बऱ्या आहेत म्हणून सांगितलं होतं.

गिडच्या बापानं त्याला ही रीत लहानपणीच शिकवली. म्हणाला, "पोरा, डोंगरासमोर दमलो असं म्हणायचं नाही. त्याच्या कानावर गेलं, तर तो आणखी उंच होतो."

आणि आज, ऑगस्टातल्या त्या सकाळी, गिडची दुर्बीण तिसऱ्यांदा बाहेर आली होती, अन् अजून निम्मा डोंगर बाकी होता. हेदरची रानझुडपं अशी फुलली होती की गुडघ्यापर्यंतची विजार जांभळ्या धुळीनं माखावी. टिब कुत्री जीभ बाहेर काढून पुढं बसली होती. तिला रीतभात नव्हती, ती उघड उघड धापा टाकायची. आणि मागं इझा टर्नबुल तिसऱ्यांदा नाडी बांधत होती. बांधता बांधता मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती.

त्या घड्याळातच सगळं दुखणं होतं.

झालं होतं असं. इझाचा बाप गेला आणि दोन वसंतांपूर्वी सगळी मेंढरं तिच्या हाती आली. वय चाळीस, हुशार बाई, कामाला वाघीण. ऑगस्टात कोकरं आयांपासून तोडायची असतात, त्यासाठी सगळा डोंगर एका दिवसात खाली उतरवायचा. खोऱ्यातली शेजारची माणसं मदतीला येतात, डोंगराच्या कमरेभोवती ओळ धरून उभी राहतात. सगळ्यात वर, माथ्यावरच्या दगडांच्या राशीपाशी, एक माणूस. त्यानं तिथून लांबलचक हाक मारली की ओळ हलते. तोवर कुणी पाऊल टाकायचं नाही. ती माथ्याची जागा एक्केचाळीस वर्षं गिडची होती. आणि सगळ्यात खाली मेंढवाड्याचं फाटक. ते उघडायचं, लावायचं. तिथं ज्याचं बाकी काही उरलं नाही असा माणूस ठेवतात.

उतरणीच्या आठ दिवस आधी इझा गिडच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. गिडनं लग्न केलं नव्हतं. बहीण बेथिया आणि तो, दोघंच. बेथिया मटणाचं बार्लीसूप ढवळत होती.

"गिड, यंदा तुम्ही फाटक बघा," इझा म्हणाली.

बेथियाचा डाव थांबला.

"का? फाटकाला काय धाड भरलीय?" गिड म्हणाला.

"काही नाही हो. कुणीतरी लागतं ना उघडायला-लावायला."

"वीस वर्षं बेथिया लावते. तिनं काही तक्रार केली का?"

"मी नाही केली," बेथिया म्हणाली. "फाटकानं केली असेल तर ठाऊक नाही."

इझानं चहाचा कप खाली ठेवला. "मागच्या वर्षी सगळी माणसं नऊला जागेवर उभी होती. तुमची हाक आली पावणेदहाला. पाऊण तास चिलटांनी फोडून खाल्लं आम्हाला. सिम हिस्लॉपचा कान बघितला होता का? पावासारखा फुगला होता."

"सिमचा कान जन्मापासून तसाच आहे."

"तुम्ही पाऊण तास करत काय होतात वर?"

"बघत होतो."

"काय?"

"डोंगर."

बेथियानं सूपात मीठ टाकलं, मघाशी टाकलेलं असूनही.

"सिम म्हणतो, माथा तो घेईल," इझा हळूच म्हणाली. "एकाहत्तरचा आहे. तुमच्याहून पाच वर्षांनी लहान."

"तेच म्हणतोय मी. लहान आहे. पिकू दे की अजून. घाई कसली करतेस, पोरी?"

इझाला हसू आलं, पण ती बापाची लेक होती. आलेलं हसू चहाच्या घोटाबरोबर गिळलं. म्हणाली, "बरं. मी तुमच्याबरोबर चढते. नऊच्या ठोक्याला तुमची हाक खाली ऐकू आली, तर माथा तुमचा, कायमचा. नाही आली, तर फाटक. मग कुरकुर करायची नाही, मिस्टर अमॉस."

'मिस्टर अमॉस' म्हणाली, तेव्हाच गिडला कळलं की हे खरं आहे. त्या खोऱ्यात माणसाला मिस्टर दोनदाच म्हणतात: न्यायाधीशासमोर, आणि शवपेटीवर.

आता गिडच्या दुर्बिणीविषयी एक गोष्ट होती, ती त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. निदान त्याची तशी समजूत होती. तिला काच नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी ओढा ओलांडताना गिड पडला. गिडला काही झालं नाही, पण पुढच्या काचेचे तुकडे ओढ्यानं नेले. काच बसवायची तर एडिंबराला जायला हवं. एडिंबराला गिड जन्मात एकदाच गेला होता. तिथल्या एका लांबलचक दगडी जिन्यावर त्याला दम लागला, तेव्हा सवयीनं त्यानं दुर्बीण काढली आणि समोरच्या छपराकडे लावली. दहा माणसं थांबून तिकडेच बघू लागली. मग तीस झाली. मग पोलीस आला. त्यानं विचारलं, "काय दिसतंय?" गिड म्हणाला, "मेंढ्या बऱ्या आहेत." संध्याकाळच्या गाडीनं तो परत आला आणि बेथियाला म्हणाला, तिथं पुन्हा जाणार नाही, लोक फार चौकस आहेत.

तेव्हा काच राहिली ती राहिलीच. शिवाय गिडनं विचार केला, आपण ती लावतो दम घ्यायला. काच काय दम भरते?

पण गंमत पुढंच आहे. काच होती तोवर गिड जे दिसेल ते सांगायचा, आणि डोंगरावर दिसून दिसून दिसणार काय? मेंढी, दगड, मेंढीसारखा दगड. काच गेल्यावर त्याला फार दिसू लागलं. चार मैलांवर पाद्रीबुवांच्या बायकोनं निळा परकर वाळत घातलाय. पलीकडच्या कड्याखाली एक कोल्हा मागच्या डाव्या पायानं लंगडतोय. ऐकणारे आपापल्या दुर्बिणीतून बघायचे, त्यांना काही दिसायचं नाही, आणि ते म्हणायचे, "काय नजर आहे म्हाताऱ्याची!" दुसऱ्याची दुर्बीण मागायची नाही, हीही रीतच. बायकोचे दात मागितल्यासारखं दिसतं ते.

एकदा सिमचा एडका तीन दिवस सापडेना. सिम ओशाळून आला. गिडनं काच नसलेली नळी डोळ्याला लावली, जरा इकडे फिरवली, जरा तिकडे फिरवली, आणि म्हणाला, "दक्षिणेकडच्या पडक्या भिंतीमागं. शिंग तारेत अडकलंय." सिम गेला, तर एडका तिथंच. शिंगही अडकलेलं. सिमला तीन दिवस लागले, गिडला तीन मिनिटं! सिमनं त्याला त्याबद्दल आजवर माफ केलेलं नव्हतं.

तर आता चौथा थांबा. मग पाचवा. सूर्य नव्हताच, पलीकडच्या अंगानं धुकं डोंगराची पाठ चाटत वर येत होतं. इझाकडे दुर्बीण नव्हती, म्हणून तिनं पाचव्यांदा नाडी बांधली. प्रत्येक वेळी सोडायची आणि आवळायची. नुसतं वाकून राहणं बरं दिसत नाही. नाड्या आवळता आवळता तिच्या पावलांची काय दशा झाली असेल, ती बुटालाच ठाऊक. सहाव्या थांब्यानंतर गिडला मागून येणारी पावलं ऐकू येईनात. वळून बघितलं, तर इझा हेदरमधून लंगडत येतेय, तोंड पांढरं, ओठ चावलेले.

"काय गं?"

"कुठं काय?" ती म्हणाली. "चला तुम्ही. पावणेनऊ झालेत."

आता पेच बघा. माथा राहिला होता दोनशे पावलं. छाती त्या क्षणी गिडच्या ताब्यात होती. तसाच गेला असता, तर नऊच्या आत राशीपाशी आरामात पोचला असता. एक्केचाळीस वर्षांची जागा तिथं समोर होती. आणि मागं ही बाई, पायांत मुंग्या आलेली. घड्याळ तिच्याच हातात, आणि थांबा म्हणायची नाही. म्हणणार कशी? तीही त्याच खोऱ्यातली.

गिडनं एकदा माथ्याकडे बघितलं. मग दुर्बीण काढली.

"आता कशाला?" इझा ओरडलीच. "नऊ वाजतील ना!"

"वाजू देत. मेंढ्या बघायला नकोत?" तो पाठमोरा होऊन म्हणाला. "तू नाडी बांध. यावेळी जरा सैल बांध. हवा दमट आहे, चामडं आटतं."

चामडं दमट हवेत आटत नाही, हे इझाला ठाऊक होतं. गिडलाही ठाऊक होतं. ती खाली बसली, दोन्ही बूट सोडले, बोटं हलवली, आणि तिच्या तोंडून "आई गं" निघालं. गिडनं ते ऐकलं नाही. तो धुक्यात नळी रोखून उभा होता.

"मेंढ्या बऱ्या आहेत," बऱ्याच वेळानं तो म्हणाला.

"बऱ्या आहेत," इझा बूट बांधत म्हणाली. 

ते दोघं राशीपाशी टेकले, तेव्हा धुक्यानं माथा गिळला होता. इझाला स्वतःचा हात दिसेना.

"पोचलो का आपण?"

"पोचलो."

"कशावरून?"

"पुढं चढ नाहीये."

तिनं घड्याळ नाकाला लावलं. काटा नऊला टेकत होता. "हाक मारा, हाक मारा की!"

गिडनं छाती भरली आणि हाक सोडली. ती अशी की राशीमागचे दोन रानकोंबडे शिव्या देत उडाले. खालून, धुक्याच्या पोटातून, एकेक उत्तर आलं. पहिलं सिमचं, नाराज. मग कुत्र्यांचं भुंकणं, आणि ओळ हलली.

"धुक्यात कसं करायचं?" इझा म्हणाली. "काहीच दिसत नाही."

तिला कामाची काळजी होती, पण त्या हाकेनं गिडची मान आता ताठ झाली होती. त्यानं झोकात दुर्बीण काढली आणि डावीकडे लावली. "गोल दगडी आडोशात बघ. म्हातारी नॅन आणि तिची पिलावळ. अकरा. तोंडं पूर्वेकडे."

"धुक्यातून दिसतात?"

"चांगल्या दुर्बिणीतून दिसतात."

नॅन ही डोंगरावरची सगळ्यात जुनी मेंढी. मेंढी जिथं जन्मते तोच उतार धरून राहते, आणि वारा पश्चिमेचा असला की नॅनचं कुटुंब आडोशात बसतं, हे गिडला आपल्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीइतकं ठाऊक होतं. त्यानं हलकी शीळ घातली. टिब धुक्यात नाहीशी झाली. टिबचा गुण असा की ती भुंकायची नाही, चावायची नाही. समोर जे असेल त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पोटावर सरकत यायची. आडोशातलं जे असेल ते खाली मेंढवाड्यात नेऊन पोचवायचं, एवढंच तिला शिकवलेलं.

अकराच्या सुमारास गिड आणि इझा धुक्याखाली उतरले, तेव्हा मेंढवाडा भरत आला होता. बेथिया फाटकाशी उभी. सिम काठीवर रेलून. मेंढ्यांचा नुसता कल्ला.

"टिब कुठाय?" बेथियानं विचारलं.

"येतेय. नॅनला घेऊन," गिड म्हणाला.

धुक्याच्या कडेतून पांढरं पांढरं काही हललं. एकामागं एक, खाली माना घालून. बेथियानं सवयीनं फाटक उघडलं. आणि आत आली नऊ माणसं. एडिंबराची, डोंगरभटकी मंडळी. अंगात पांढरे प्लास्टिकचे रेनकोट, कुणाच्या हातात अर्धं खाल्लेलं सँडविच, पुढं एक टकले गृहस्थ नकाशा छातीशी धरून. मागं टिब, पोटावर.

 गिडनं बोटानं मोजली आणि म्हणाला, "दोन कमी आहेत."

सिम काठीवरून घसरून खाली बसला. हसता हसता त्याचा तो कान लालबुंद झाला. टकले गृहस्थ मात्र अगदी नम्रपणे बेथियाला म्हणाले, "मॅडम, आम्ही सकाळपासून वाट चुकलो होतो. त्या दगडी गोलात बसलो, तर ही कुत्री आली. उजवीकडे जाऊ देईना, डावीकडे जाऊ देईना. आमच्यातल्या मास्तरीणबाई मिस पेनीकुकांनी तिला सँडविच दिलं, ते खाल्लं, पण बधली नाही. आता आम्ही बाहेर पडू शकतो का?"

"कोकरं तोडायच्या आत पडा," बेथिया म्हणाली. "आधी सूप घ्या."

आणि तेवढ्यात, त्यांच्या मागून, सांडलेले पावाचे तुकडे टिपत टिपत, आपल्या आपण, म्हातारी नॅन फाटकातून आत आली. मागं तिचं कुटुंब. अकरा. पाहुण्यांनी आडोसा बळकावला म्हणून बिचारी बाहेर वाऱ्याला बसली होती.

सिमला राहवलं नाही. डोळे पुसत म्हणाला, "गिड, गड्या, काय ती तुझी नजर! मेंढीत आणि मास्तरणीत फरक दिसला नाही होय रे दुर्बिणीतून?"

हे रीत सोडून होतं. बेथियासुद्धा सूप ओतायची थांबली. आणि इझानं त्याहून रीत सोडली. ती गिडसमोर गेली आणि हात पुढं केला.

"द्या इकडे."

गिडनं सगळ्यांकडे बघितलं. कुणी मदतीला येईना. त्यानं दुर्बीण दिली. इझानं ती डोळ्याला लावली, काढली, उलटी केली, आणि पुढच्या टोकातून करंगळी आत घातली. करंगळी सरळ आत गेली.

"कधीपासून?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"अकरा वर्षं झाली."

"आणि पाद्रीबुवांच्या बायकोचा निळा परकर?"

"सोमवार होता. सोमवारी त्या धुतात."

"माझा एडका!" सिम ओरडला. "त्याचं शिंग?"

"माशा झाल्या की तुझा प्रत्येक एडका त्याच भिंतीला अंग घासतो. तार तूच लावलीस, सिम. वाकडी."

"तुला ठाऊक होतं?" इझानं बेथियाला विचारलं.

"दर शनिवारी पितळ घासते मी," बेथिया म्हणाली. "म्हटलं, आतून काही असो, बाहेरून तरी चकचकीत राहू दे."

इझानं करंगळी बाहेर काढली. खाली बघितलं, स्वतःच्या बुटांकडे. नाड्या सैल होत्या. मग तिनं दुर्बीण म्यानात घातली आणि गिडच्या खांद्यावर अडकवली, नीट, पट्टा पिळू न देता.

"सिम, पुढच्या वर्षी तू ओळीच्या मध्ये, होतास तिथंच," ती म्हणाली. "हाक नऊला आली होती. मी ऐकली. माथा गिडचा."

"पण कुणाला खाली आणलं बघितलंस ना?" सिम म्हणाला.

"बघितलं. एकही हरवलं नाही." आणि गिडकडे वळून, "मी येईन बरोबर. मलाही एक दुर्बीण बघून ठेवा. काच नसली तरी चालेल. नाड्या बांधून बांधून माझे पाय गेले."

दुपारी पाहुणे सूप पिऊन, टिबचा फोटो काढून गेले. कोकरांच्या आरडाओरड्यात गिड भिंतीवर बसून चीज आणि जवाची भाकरी खात होता. इझा येऊन शेजारी बसली. डोंगरावरचं धुकं उठलं होतं, मकल डॉड वरपासून खालपर्यंत जांभळा दिसत होता, आणि माथ्यावरची रास मोहरीएवढी. दोघं तिकडे बघत राहिले, साध्या डोळ्यांनी. मग इझानं त्या खोऱ्यात कधी कुणी कुणाला विचारला नव्हता तो प्रश्न विचारला.

"गिड, खरं सांगा. चढताना दमता का हो तुम्ही?"

गिडनं तोंडातला घास संपवला, बोटं विजारीला पुसली, आणि म्हणाला, "दमतो की, पोरी. चौदाव्या वर्षी बापाबरोबर पहिल्यांदा वर गेलो, त्या दिवसापासून दमतोय. पण आजवर कुणी विचारलंच नाही."